संक्रांतीची हळद कुणाकुणाच्या कपाळाला?

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी दिलेले भाषण)



आज आम्ही सणांबद्दल बोलणार आहोत. भोगी-संक्रांत तोंडावर आली आहे. घरोघरी तीळ निवडणं चाललंय, कुंभाराकडून सुगडं यायची आहेत, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली हळदीकुंकू होणार आहे. या दिवसांत गटाच्या बैठकीत हप्त्यापेक्षा वाणाच्याच गप्पा जास्त रंगतात. म्हणून म्हटलं, हे सण आले कुठून, त्यांच्या गोष्टी काय सांगतात, आणि त्या सणाच्या सतरंजीवर कोण बसतं आणि कोण उंबऱ्याबाहेर राहतं, हे सगळं एकदा नीट बोलून घेऊ. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

पहिली गोष्ट अशी, की आपले बहुतेक सण शेतातून आलेले आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणींना पंचांग वाचता येत नसेल, पण मृग कधी निघतो ते सगळ्यांना माहीत असतं. सात-आठ जूनला मृग निघाला की नजर आभाळाकडे लागते. मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. कोणत्या नक्षत्राचा पाऊस कसा, त्यात काय पेरायचं आणि कधी निंदायचं, हे आपल्या आजेसासवांना तोंडपाठ होतं. सणही याच हिशेबात बसवलेले आहेत.

नागपंचमी घ्या. श्रावण शुद्ध पंचमीला ती येते. त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, असं आपण पाळतो. त्यामागची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. एका शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मेली. रागावलेल्या नागिणीने त्याच्या घरातल्या सगळ्यांना दंश केला. त्याची एक लेक सासरी होती, तिलाही संपवायला नागीण निघाली. जाऊन बघते, तर लेक पाटावर नाग काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवत बसलेली. नागिणीचा राग उतरला. तिने अमृत दिलं आणि लेकीने माहेरची माणसं उठवली. गोष्ट बाजूला ठेवली तरी त्यातली खूण खरी आहे. पावसाने बिळं भरतात, साप उघड्यावर येतात, आणि बाया निंदायला वाकलेल्या असतात. त्या दिवसांत जमिनीत हात घालताना जपायचं, हे सणाने शिकवलं. साप दूध पीत नाही, हे आता आपल्याला कळतं. आणि साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, हेही कळतं. सण तोच राहिला, आपली समज वाढली.

श्रावण अमावस्येला पोळा. आदल्या दिवशी खांदमळणी. पेरणी-कोळपणीत जू ओढून बैलाचे खांदे सोललेले असतात, त्यांना हळद आणि तूप चोळायचं. इथे हळद आधी औषध आहे आणि मग मान आहे, हे लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्याच्याशी काम आहे.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. अनुराधा नक्षत्रावर त्या बसतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर उठतात. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पुरणपोळी. रानात भाजीपाला भरलेला असतो, म्हणून ताटही भरलेलं. अश्विनात कोजागिरी. लक्ष्मी रात्री फिरते आणि कोण जागं आहे असं विचारते, ही तिची गोष्ट. खळ्यावर माल पडलेला असताना जागं राहावंच लागतं. मग पौषातल्या थंडीत भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं, गाजर, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं. अंगात ऊब देणारं आणि त्या दिवसांत रानात मिळणारं जे जे आहे, ते सगळं एका ताटात. दुसऱ्या दिवशी संक्रांत. देवीने संकरासुराला मारलं, अशी तिची गोष्ट सांगतात.

म्हणजे सणात दोन गोष्टी असतात. एक ऋतू आणि दुसरी कथा. ऋतू निसर्गाचा. कथा माणसाने त्यावर बांधलेली. हा फरक ध्यानात यावा म्हणून आता जरा लांब जाऊन येऊ, चीन देशात.

चीन का, तर तोही आपल्यासारखाच शेतीवर उभा राहिलेला देश, आणि तिथलेही जुने सण चंद्रावर चालतात. अमावस्येला त्यांचा नवा महिना लागतो आणि पंधराव्या तिथीला पौर्णिमा येते. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान पडतं. तो फरक भरून काढायला आपण जसा अधिक महिना धरतो, तसा तेही धरतात. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, असा साधारण हिशेब. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता. त्याच वर्षी चीनमध्ये दुसरा महिना दोनदा आला होता. आपण पावसाची नक्षत्रं मोजतो, तसे ते सूर्याच्या वर्षाचे चोवीस भाग करतात. एकेक भाग साधारण पंधरा दिवसांचा. एकाचं नाव ‘किडे जागे होण्याचे दिवस’, तो मार्चच्या सुरुवातीला येतो. दुसऱ्याचा अर्थ दाणा भरू लागण्याचे दिवस. शेतकऱ्याने ठेवलेली नावं कुठेही ओळखू येतात. या चोवीस भागांच्या ज्ञानाला युनेस्कोने २०१६ साली मानवजातीचा वारसा म्हणून आपल्या यादीत घेतलं.

त्यांचं नवं वर्ष जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत, अमावस्येला सुरू होतं. गोष्ट अशी, की थंडीच्या शेवटी एक राक्षसी जनावर गावावर येई. त्याला लाल रंगाची, आगीची आणि आवाजाची भीती. म्हणून दाराला लाल कागद लावायचे आणि फटाके उडवायचे. पण त्या सणातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आदल्या रात्रीचं जेवण. शहरात कारखान्यात, बांधकामावर कामाला गेलेली कोट्यवधी माणसं त्या रात्री घरच्या ताटावर बसण्यासाठी गावाकडे निघतात. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली माणसं संक्रांतीला फडावरच असतात, पाचटाच्या कोपीत. ज्या घरी सणाला कुणाची तरी जागा रिकामी असते, त्या घराला चीनमधली ही धडपड समजावून सांगावी लागणार नाही.

आता त्यांच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या आपल्या आजच्या विषयाच्या आहेत.

पहिली चंद्राची. त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मोठा सण असतो. कधी तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेला पडतो, कधी कोजागिरीला. २०२५ साली ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री आले होते. आपण दूध आटवत होतो आणि तिकडे चंद्रासारख्या गोल, आत सारण भरलेल्या वड्या कापून वाटल्या जात होत्या. गोष्ट अशी. एकदा आकाशात दहा सूर्य उगवले. पिकं जळाली, नद्या आटल्या. दुष्काळ काय असतो हे मराठवाड्यातल्या बाईला सांगायला नको. तेव्हा हौ-यी नावाच्या तिरंदाजाने नऊ सूर्य पाडले आणि एक ठेवला. त्याला बक्षीस म्हणून अमर होण्याचं औषध मिळालं. ते त्याची बायको छांग-अ हिने प्यायलं. कुणी म्हणतं मोहाने प्यायलं, कुणी म्हणतं चोराच्या हाती पडू नये म्हणून प्यायलं. प्यायल्याबरोबर ती हलकी होऊन वर उडाली आणि थेट चंद्रावर गेली. नवरा खाली राहिला. चंद्रावर तिच्या सोबतीला एक ससा, तो खलबत्त्यात औषध कुटतो. चंद्रावरचा ससा आपणही बघतो. शशी म्हणजे ससा असलेला, हे चंद्राचं नाव आपल्याकडे किती घरांत पोराला ठेवलेलं असतं! डाग एकच, तो दोन्ही देशांना ससा दिसला.

दुसरी गोष्ट ताऱ्यांची. त्यांच्या सातव्या महिन्याच्या सप्तमीला सांगतात. स्वर्गातली एक विणकर मुलगी पृथ्वीवरच्या एका गुराख्याशी लग्न करते. स्वर्गातल्या मोठ्यांना ते पटत नाही. दोघांच्या मध्ये ते आकाशगंगा आणून टाकतात. वर्षातून फक्त त्या एका रात्री पक्ष्यांचे थवे येतात, पंखांचा पूल करतात आणि दोघं भेटतात. त्या दिवशी तिकडे मुली सुईत दोरा ओवण्याची चढाओढ लावत, विणकर मुलीकडे हाताला कसब माग, असं म्हणत. ती विणकर मुलगी म्हणजे आपला अभिजित तारा. आणि तो गुराखी म्हणजे आपला श्रवण तारा, ज्याच्यावरून आपण श्रावण म्हणतो.

आता बघा हं. या दोन्ही गोष्टींतल्या बायांचा नवरा जवळ नाही. एक चंद्रावर एकटी बसलेली. एक नदीच्या पलीकडे वर्षभर माग चालवत राहिलेली. आणि सणाला मान कुणाला? त्यांनाच. चंद्रावरच्या एकटीसाठी अंगणात फळं आणि वड्या मांडल्या जातात. विणकर मुलीकडे कसब मागितलं जातं. ती एकटी आहे म्हणून अपशकुनी आहे, असं त्या गोष्टी म्हणत नाहीत. चीनमधल्या बायांचं सगळं सुखाचं होतं असं आम्ही म्हणत नाही. तिकडेही शेकडो वर्षं पोरींचे पाय बांधून लहान ठेवायची रीत होती, आणि ती बायांनी आणि सुधारकांनी लढून मोडली. पण गोष्टीत एकटीला जागा देता येते, एवढं त्यांच्या सणांवरून दिसतं.

मग आपल्याकडे एकटीचं काय होतं? आता आपण आपल्या जिल्ह्यात परत येऊ, आणि हळदीपाशी थांबू.

हिंगोली जिल्हा आज हळदीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे या मातीतली हळद ही या नावाने ओळखली जावी, असा सरकारी शिक्का बसला. ही हळद कशी तयार होते ते आपल्याइतकं कुणाला माहीत? मे-जूनमध्ये बेणं लावायचं. आठ-नऊ महिने जपायचं. जानेवारीपासून काढणी सुरू. आधी पाला कापायचा, मग कंद उकरायचे. माती झटकून गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी करायची. कढईत किंवा वाफेच्या कुकरमध्ये शिजवायची. पुढे पंधराएक दिवस ताडपत्रीवर वाळवायची, रोज हलवायची, रात्री झाकायची. मग ड्रममध्ये घालून पॉलिश. यातलं वेचणं, मोडणं, निवडणं, वाळवणं, सगळं बायांच्या हातून जातं. संध्याकाळी घरी आलं की नखं पिवळी, लुगड्याचा पदर पिवळा. आणि ही कामं कधी चालतात? संक्रांतीच्या आगेमागे. म्हणजे हळदीची काढणी आणि हळदीकुंकू एकाच महिन्यात.

त्या वेचणाऱ्या बायांत विधवा आहेत. नवऱ्याने टाकलेल्या आहेत. कर्जापायी नवऱ्याने जीव दिला आणि मागे दोन लेकरं, तीन एकर कोरडवाहू राहिली, अशा आहेत. आजारात, अपघातात, कोरोनात कुंकू गेलेल्या पंचविशी-तिशीतल्या आहेत. दिवसभर त्यांच्या हाताला हळद चालते. शिजवलेली हळद त्यांनी हलवली तर ती बाटत नाही, बाजारात तिचा भाव उतरत नाही. आणि संध्याकाळी तीच हळद चिमूटभर कपाळाला लावायची वेळ आली, की दार लोटून घ्यायचं कुणी, तर त्यांनीच. ज्या जिल्ह्याची हळद देशभर जाते, त्या जिल्ह्यातल्या हळद पिकवणारीच्या कपाळाला ती चालत नाही. हा हिशेब कुणीतरी आम्हाला समजावून सांगावा.

बैलाच्या खांद्याला आपण हळद लावतो, कारण त्याने कष्ट केले. मग बाईच्या कपाळाला लावताना नवरा आहे का, हे का विचारायचं? तिनेही कष्टच केलेत.

आमच्या गटात यावर बोलणं निघालं, तेव्हा वेगवेगळी मतं आली. एकजण म्हणाली, ‘बाई, ही पूर्वापार चालत आलेली रीत आहे, मोडली तर काही वाईट होईल.’ दुसरी म्हणाली, ‘मला पटतं, पण सासूबाई घरात आहेत. त्या काय म्हणतील?’ तिसरी म्हणाली, ‘बोलावलं तरी त्या येत नाहीत. त्यांनाच नको असतं.’ तेव्हा आमच्यातल्याच एक मावशी, ज्यांचे मालक जाऊन बारा वर्षं झाली, त्या इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘कुंकवाची हौस माझी फिटली गं. पण संक्रांतीला गल्लीतल्या सगळ्या दारांवर हाक जाते आणि माझं दार तेवढं ओलांडून पुढे जाते. ती हाक मारा. यायचं का नाही ते मी बघते.’

मैत्रिणींनो, आमच्या मते सगळा प्रश्न या एका वाक्यात आला. कुंकू लावायचं का नाही हा तिचा निर्णय. हाक मारायची का नाही हा आपला.

आणि रीत मोडल्याने काही वाईट होतं का? आपल्याच औंढ्याची गोष्ट आठवा. नागनाथाच्या दर्शनाला संत नामदेव आले. आपल्या नरसीचे नामदेव, शिंपी कुळातले. देवळासमोर कीर्तन करू लागले. तिथल्या लोकांनी त्यांना हटकलं. समोर अडथळा नको, मागे जा, म्हणाले. नामदेव काही न बोलता देवळाच्या मागे गेले आणि तिथे उभे राहून कीर्तन करू लागले. आणि सांगतात, की देऊळच फिरलं. ज्या बाजूला नामदेवांना ढकललं होतं, त्या बाजूला देवाने तोंड केलं. औंढ्याला नंदी देवाच्या मागे का, तर देऊळ फिरलं म्हणून, असं आजही म्हातारी माणसं सांगतात. महाशिवरात्रीला आपण सगळ्या तिथे रांगेत उभ्या राहतो. त्या रांगेत उभं राहून एवढी गोष्ट मनात घोळवली तरी पुरे. मागे ढकललेल्या माणसाकडे देव वळला. आणि आपण देवाचं नाव घेऊन माणसाला मागे ढकलतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा एक जुना दाखलाही आहे. पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी महिला सेवा मंडळ काढलं होतं. त्या मंडळाने १८५२ च्या जानेवारीत संक्रांतीचा तिळगुळाचा समारंभ केला. त्याच्या आमंत्रणातच सांगितलं होतं, की कोणत्याही जातीची बाई आली तरी सगळ्या एकाच जाजमावर बसतील, आणि हळदीकुंकू, तिळगूळ देताना भेद होणार नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानत, त्या काळात हे झालं. त्यांनी सण मोडला का? नाही. जाजम तेवढं मोठं केलं. पुढे १८६३ साली फुले पती-पत्नींनी आपल्या घरात फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय केली, म्हणजे जाजमावरची गोष्ट त्यांनी घरापर्यंत नेली.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. कोरोनात गावोगावी तरुण माणसं गेली. त्यांच्या बायकांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे बघून गावाला वाटलं, की आता बस. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की आमच्या गावात ही प्रथा चालणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे आपल्या ग्रामसभेतही असा ठराव घेता येतो. पण ठराव कागदावर राहतो, सण घराघरांत होतो. कागदावरचं घरात आणायचं काम ग्रामसेवक करणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल, आणि त्याला हळदीकुंकवासारखी दुसरी चांगली वेळ नाही.

आता हे करायचं कसं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे निमंत्रण. ‘सवाष्णींना बोलावणं आहे’ असं म्हणायचं सोडून द्यायचं. ‘संक्रांतीचं बोलावणं आहे, घरातल्या सगळ्या बायांनी यायचं’ असं म्हणायचं. ज्या घरी एकटी बाई राहते, तिथे पोरीला पाठवायचं नाही. आपण स्वतः जायचं. जमलं तर वयाने मोठ्या असलेल्या दोघी-तिघींना सोबत न्यायचं. सासूबाईंना बरोबर नेलं तर आणखी चांगलं. त्यांच्या वयाच्या कितीतरी मैत्रिणी अशाच घरात बसून असतात. सून बोलली की वाद होतो, पण मैत्रीण आठवली की सासूबाईंचंही मन हलतं.

दुसरं म्हणजे बसणं. वेगळी रांग नको, कोपरा नको, सगळ्यात शेवटीही नको. एकच सतरंजी. सुरुवात तिळगुळाने करायची. तीळ आणि गूळ कुणालाच वर्ज्य नाहीत. मग हळद पुढे करायची. हळद औषध आहे, ती घ्यायला बहुतेक जणी नाही म्हणत नाहीत. कुंकवाचा करंडा समोर धरायचा आणि जिचं तिला ठरवू द्यायचं. जबरदस्तीने कपाळाला बोट लावायचं नाही. एखादीला रडू येईल, एखादी उठून जाईल. वर्षानुवर्षांची भीती एका संध्याकाळी जात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचं.

तिसरं, देखावा नको. विधवांचं हळदीकुंकू म्हणून फलक लावायचा, त्यांना वेगळ्या खुर्चीवर बसवायचं, साडी देताना फोटो काढून मोबाइलवर फिरवायचा, हे आम्हाला पटत नाही. त्यात पुन्हा त्या वेगळ्याच पडतात. सगळ्यांसारखं बसायचं, सगळ्यांसारखं हसायचं, सगळ्यांसारखं वाण घेऊन घरी जायचं, एवढंच पाहिजे असतं.

चौथं वाणाचं. वाणासाठी गटातून कर्ज काढू नका. प्लास्टिकच्या डब्या घरात ढिगाने पडल्यात. मूठभर भाजीचं बी द्या, कढीपत्त्याचं रोप द्या, घरच्या हळदीची पुडी द्या. एखाद्या गटाला जमत असेल तर वाण म्हणून माहिती द्या. नवऱ्याच्या मागे सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायला तलाठ्याकडे कोणता अर्ज करायचा, निराधार योजनेला कोणते कागद लागतात, हे एखाद्या जाणत्या ताईला बोलावून पाच मिनिटं सांगितलं, तर ते वाण वर्षभर कामाला येईल. कायद्याने विधवा ही नवऱ्याच्या मालमत्तेची पहिल्या दर्जाची वारस आहे. जिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, तिला बहुतेक वेळा शेतातल्या हिश्श्यालाही बोलावत नाहीत. एका जागी हाक ऐकू आली, की दुसऱ्या जागी बोलायला तिला बळ येतं.

आणि नुसत्या विधवाच नाहीत. मूल नसलेली आहे, टाकलेली आहे, लग्न न झालेली आहे, वस्तीच्या पलीकडची आहे, शेजारची मुसलमान भाभी आहे. यादी करायला बसलं की कळतं, गावातल्या निम्म्या बायांना आपण काही ना काही कारणाने सणाबाहेर ठेवलेलं असतं.

तर मैत्रिणींनो, थंडी सगळ्यांना सारखी वाजते. सूर्य उत्तरेकडे सरकतो तो सगळ्यांच्या अंगणावरून सरकतो. चीनमधल्या चंद्रावर जो ससा आहे, तोच आपल्या चंद्रावर आहे. ऋतूने कुणाला वगळलेलं नाही. वगळलंय ते रीतीने, आणि रीत माणसाने केलेली असते. नागपंचमीला आपण दवाखाना जोडला, तसं संक्रांतीला राहिलेली दारं जोडता येतील.

या आठवड्यातल्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गल्लीत संक्रांतीची हाक कोणकोणत्या दारावर जात नाही? त्या दारावर जायला आपल्यातल्या कोण तयार आहेत? आणि ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव मांडायचा झाला तर सह्या किती होतील? उत्तरं वहीत लिहून ठेवा. रथसप्तमी झाली की पुन्हा ती वही उघडा आणि काय झालं ते बघा.

तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि बोलवायला विसरू नका. रामराम.